शेरा : हलवले

१४ जानेवारी २००९

तोमिए मावशी,

नवं वर्ष लागून दोन आठवडे झाले आणि तुझ्याकडून एक ओळ नाही. म्हणजे एक तर गुडघा दुखतोय, नाहीतर माझ्यावर राग आहे. फोन करावा तर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यावरून तू भांडतेस. म्हणून आपली लिहायला बसले.

बातमी आहे, खाली बसून वाच. आपल्या मानसोपचार विभागाला पारितोषिक मिळालं! साधंसुधं नाही, देशभरातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेचं. कुझुमी सरांचा तो सहा वर्षांपूर्वीचा अभ्यास, तुझ्याच पूर्वेकडच्या बंद वॉर्डातला. बेचाळीस रुग्ण, सहा महिने, एकालाही पलंगाला बांधलं नाही आणि एकही दगावला नाही. सर मार्चअखेर निवृत्त होताहेत, तेव्हा दोन्हीचा मिळून एकच सोहळा ठरलाय. ७ मार्च, शनिवार, दुपारी दोन वाजता, स्टेशनसमोरच्या मोठ्या हॉटेलात. दोनशे माणसं येणार.

आणि या सगळ्याची पुस्तिका कोणाच्या गळ्यात पडली असेल? विभागाच्या चिटणीसबाईंच्या, म्हणजे माझ्या. वर्षभरात कोणी किती निबंध छापले, कोण कुठली परीक्षा पास झालं, कोणाचं भाषण कुठे झालं, सगळं गोळा करतेय. सेगावा डॉक्टर तीनदा येऊन गेले. त्यांचे निबंध मी चौदा धरलेत, ते म्हणतात पंधरा. तिसऱ्यांदा आले ते केकचा डबा घेऊनच. केक खाल्ला, पण चौदाच ठेवले. कोणी कुठे बसायचं त्याचा नकाशा तर पाच वेळा फाडून झाला. जुन्या उपप्राध्यापकांना चुकून दारापाशी बसवलं, तर सगळ्या ऑफिसचं तोंड पांढरंफटक.

आता तुझं. त्या वॉर्डच्या तेव्हाच्या इनचार्ज सिस्टर इनामी तोमिए यांना विशेष सन्मानपत्र! सरांनी स्वतः नाव सुचवलं. 'त्या बाईंशिवाय हे झालं नसतं,' असं म्हणाले. माझे कान तृप्त झाले. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, तूच इथे चिकटवलंस, आणि आता मीच व्यासपीठावरून तुझं नाव वाचणार. समारंभाचा काळा किमोनो उन्हात टाक.

आणखी एक. त्या बेचाळीस रुग्णांच्या घरी विभागातर्फे आभाराची भेट जायची आहे. टॉवेलांचं खोकं, वर शुभप्रसंगाची लाल-पांढरी दोरी, सोबत अभ्यासाची माहिती देणारी छोटी पत्रिका. एक्केचाळीस पत्ते मिळाले. एक अडलाय. योनेमुरा ताकेहिसा, वय सत्तावीस. वॉर्डच्या नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात तुझ्या अक्षरात 'मेडिसिनला हलवले' एवढंच आहे. पुढचं काही सापडत नाही. आईचं नाव हात्सुए. तुला पत्ता आठवतो का? तुझी आठवण म्हणजे कुलूपबंद कपाट, म्हणून विचारते.

तुझी
कानाए


२० जानेवारी

कानाए,

इकडे बर्फ खिडकीला टेकलंय. मुळे वाळत घातले होते ते गोठून लाकूड झाले. गुडघ्याचं म्हणशील तर आहे तसाच आहे, त्याची चौकशी करत जाऊ नकोस, तो ऐकतो आणि जास्त दुखतो.

सरांना माझं अभिनंदन कळव. मी येणार नाही. चौतीस वर्षं त्या इमारतीत उभी राहिले, त्या दोनशे जणांपैकी एकाने कधी 'सिस्टर, बसा' म्हटलं नाही. आता म्हणे सन्मानपत्र. ते माझ्या घरात लावायचं कुठे? मुळ्यांच्या शेजारी? एखाद्या तरण्या सिस्टरला द्या, तिला लग्नाच्या बाजारात उपयोगी पडेल.

टॉवेलांचं खूळ कोणाचं? सरांचंच असणार. उत्साह माणसाला म्हातारपणी फार येतो. योनेमुरांचा पत्ता मला आठवत नाही. एक्केचाळीस खोकी पाठव आणि मोकळी हो. एका टॉवेलावाचून कोणाचं अडलेलं नसतं. पुस्तिकेतही त्या एकाचं नाव-गाव शोधत बसू नकोस. सेगावाचे पंधरा निबंध कर हवं तर, पण हे सोड.

जेवतेस ना वेळेवर? तुझ्या आईसारखं नुसतं चहावर राहू नकोस.

तोमिए


२ फेब्रुवारी

मावशी,

तू येणार नाहीस हे मी सरांना सांगितलेलंच नाही. तुझं नाव नकाशात आहे, पहिल्या रांगेतलं तिसरं टेबल. महिना आहे अजून, गुडघ्याला समजाव.

आणि आता मला शाबासकी दे. योनेमुरांचा पत्ता मी शोधला! तळघरात भेटीला येणाऱ्या नातेवाइकांच्या जुन्या वह्या आहेत. दोन दिवस धुळीत बसले, शिंका देऊन देऊन नाक लाल झालं, पण सापडला. समुद्रकाठचं मासेमारीचं गाव आहे, तुझ्या स्टेशनपासून तासाभरावर. तिथून बाई मुलाला भेटायला आल्या होत्या, बसने, मग गाडीने. अशा आईला वगळायचं? तुझं त्यांच्याशी काही बिनसलं असेल. आपल्या मुलाला वॉर्डातून का हलवलं म्हणून त्या तुझ्याशी भांडल्या असतील, आणि तू काही विसरणारी नव्हेस. पण भांडण तुझं, टॉवेल विभागाचे.

शुक्रवारीच खोकं रवाना केलं. छापील चिठ्ठी कोरडी वाटली म्हणून खाली माझ्या हाताने दोन ओळी लिहिल्या : 'आपले चिरंजीव आज जिथे असतील तिथे ठणठणीत असोत. असे आनंदाचे प्रसंग आपल्या घरी पुन्हा पुन्हा येवोत.' बरं लिहिलं ना?

कानाए


४ फेब्रुवारी, तातडीचं

कानाए, ते पार्सल अडव. पोस्टात जा, हातापाया पड, परत मागव. कारण विचारू नकोस. तोमिए


१३ फेब्रुवारी

मावशी,

तुझं कार्ड आलं तोवर उशीर झाला होता. खोकं परत आलंय. कोणी उघडलेलं नाही, लाल-पांढरी गाठ जशी मी बांधली होती तशीच आहे. सोबत पत्र होतं. एकच कागद. आपण पत्र एका कागदात संपलं तरी मागे एक कोरा कागद जोडतो ना? तो नव्हता. दुःखाच्या पत्राला नसतो, तसा.

तुझ्यासाठी जसंच्या तसं उतरवते.

'मानसोपचार विभागाच्या चिटणीसांना,

आपली भेट पोहोचली. माझा मुलगा ताकेहिसा सहा वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आपल्याच रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात वारला. एवढ्या मोठ्या कामात अशी चूक व्हायचीच, आपण मनाला लावून घेऊ नये. भेट न उघडता परत करते आहे. सोबतची पत्रिका मात्र ठेवून घेतली, त्याची क्षमा असावी.

कारण सांगते. तो जाण्याच्या दोन दिवस आधी मी त्याला भेटले होते. म्हणाला, "आई, मला इथे बांधून ठेवतात. मनगटं दुखतात." बाही वर करून दाखवायला लागला, तेव्हा तिथल्या ठेंगण्या, हसऱ्या मोठ्या सिस्टरांनी त्याचा हात प्रेमाने हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "आजारात असं वाटतं त्यांना." मी मुलाला रागावले. एवढी चांगली माणसं आणि त्यांच्यावर आळ घेतोस, असं खोटं बोलशील तर मी पुन्हा यायची नाही, असं म्हटलं. तो गप्प झाला. तेच आमचं शेवटचं बोलणं.

तो खरं बोलत असला तर, हा विचार सहा वर्षं माझ्या उशाशी आहे. आता आपल्या पत्रिकेत वाचलं, की त्या सहा महिन्यांत त्या वॉर्डात एकालाही बांधलं नव्हतं. एवढ्या मोठ्या लोकांनी छापलंय, बक्षीस मिळालंय, म्हणजे खरंच असणार. तेव्हा ते आजाराचंच बोलणं होतं. मी उगीच रागावले नव्हते. काल बऱ्याच दिवसांनी डोळा लागला. त्या सिस्टर अजून असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगावा.

योनेमुरा हात्सुए'

मावशी, मेलेल्या मुलाला मी ठणठणीत राहा म्हटलं. लाल-पांढरी दोरी, आणि तीही सुटून पुन्हा बांधता येणारी गाठ. आनंद पुन्हा पुन्हा यावा म्हणून बांधतात ती! मी काय करून बसले हे!

पण माझा काय दोष? नोंदवहीत 'हलवले' आहे. मेला असं कुठेच नाही. पूर्ण अभ्यासात मृत्यू शून्य आहे. आणि ठेंगणी हसरी सिस्टर तूच ना? मग तुला माहीत होतं. एक ओळ लिहिली असतीस तर हे झालं नसतं. मला खरं काय ते कळव. त्या बाईंना क्षमेचं पत्र लिहायचंय आणि त्यात काय लिहायचं तेच कळत नाहीये.

कानाए


१८ फेब्रुवारी

कानाए,

तुझा दोष नाही. माझा आहे. झाकून ठेवलेलं सडतंच, मला वाटलं होतं मी मरेपर्यंत वास बाहेर येणार नाही.

ते सहा महिने कसे होते ते आधी ऐक. सरांनी ठरवलं, या वॉर्डात आता कोणाला बांधायचं नाही. ठरवलं ते चांगलंच होतं, मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. पण माणसं वाढवून दिली नाहीत. रात्रपाळीला दोघी आणि रुग्ण बेचाळीस. दुसऱ्याच महिन्यात एकाने एका पोरीचं नाक फोडलं. मग मार्ग निघाला. पलंगाचे पट्टे तेच, पण कागदावर 'बांधले' लिहायचं नाही. पडू नये म्हणून 'आधार दिला' असं लिहायचं. डॉक्टर सही करायचे. 'आधार' मोजायचा नाही असं ठरलं होतं, त्यामुळे अभ्यासात शून्य आलं. कोणी उठून खोटं बोललं असं नाही बघ. एका शब्दाच्या जागी दुसरा आला, एवढंच.

ताकेहिसा नोव्हेंबरात आला तेव्हा फार घाबरलेला होता. भिंतीवर डोकं आपटायचा. चांगला मुलगा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पहिल्याच दिवशी 'आधार' दिला. पाच दिवस दिला. तिसऱ्या दिवशी आई भेटायला आली म्हणून वीस मिनिटं सोडला, मी स्वतः बाह्या ओढून मनगटं झाकली. तो जे म्हणाला ते त्या बाईने लिहिलंच आहे. मी त्याचा हात हातात घेतला तो प्रेमाने नाही. त्याने बाही वर करू नये म्हणून दाबून धरला. आणि हसले. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ना, कानाए, ते मी तुला सांगू शकत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी अंघोळीसाठी पट्टे सोडले. उठून बसला, 'पाय जड झालेत' म्हणाला, उभा राहिला आणि कोसळला. पाच दिवस आडवा राहिल्याने पायात रक्ताची गाठ झाली होती, ती फुप्फुसात चढली. अर्धा तास छाती दाबली. गेला होता. सगळ्यांना कळत होतं. सर आले, त्यांनी पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, 'इनामी सिस्टर, रुग्णाला मेडिसिनला हलवू या.' रुग्णाला म्हणाले. मी त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला, गळ्यापर्यंत चादर ओढली, ढकलगाडीच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला सेगावा. वाटेत लिफ्टमध्ये एक म्हातारी भेटली, तिने 'लवकर बरं वाटू दे हो' म्हटलं. मी तिला वाकून धन्यवाद दिले.

मेडिसिनमध्ये मृत्यू लिहिला गेला. मी वॉर्डात परत आले आणि नोंदवहीत 'हलवले' लिहिलं. तोही शब्द खोटा नव्हता. हलवलंच होतं.

आता ती बाई मला नमस्कार पाठवते. माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती आता शांत झोपते, कारण आपण तिच्या मुलाला खोटारडा ठरवलं. छापून ठरवलं. मला तिच्याकडे जायला हवं.

तू क्षमेचं पत्र लिहू नकोस. ते माझं काम आहे.

तोमिए


२५ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र ऑफिसच्या संडासात बसून वाचलं. दोनदा वाचलं आणि मग तोंड धुऊन सरांकडे गेले. तुझं नाव घेतलं नाही. योनेमुरा बाईंचं पत्र पुढे ठेवलं आणि विचारलं, पुस्तिकेत 'मृत्यू शून्य' तसंच ठेवायचं का?

सरांनी पत्र पुरतं वाचलं, चष्मा पुसला. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. म्हणाले, 'कानाए-सान, नोंदवहीत काय आहे?'

'हलवले.'

'मग?'

सरच मग म्हणाले, 'त्या आईला सहा वर्षांनी झोप लागली, असं तिनेच लिहिलंय ना? तिला उठवून कोणाचं भलं होणार आहे? तुमचं? माझं? तिचं तर नक्की नाही.' आणि मग अगदी मायेने, 'या अभ्यासामुळे आज कितीतरी रुग्णालयांत पट्टे कपाटात गेलेत. तेही खोटं नाही. मावशींना माझा नमस्कार सांगा.'

म्हणजे त्यांना कळलंय.

मावशी, मला त्यांचा राग यायला हवा होता, पण खरं सांगू? मला ते पटलं. ती बाई सत्तरीची असेल. सहा वर्षं जळत होती, आता कुठे विझलीये. तू जाऊन काय करणार? तुझ्या मनावरचा धोंडा उचलून तिच्या उरावर ठेवणार. हे प्रायश्चित्त की स्वार्थ?

आणि माझंही आहे. मार्चअखेर माझं काम पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरणार आहे. सरांच्या जागी नवे प्रोफेसर कोण होणार माहीत आहे? सेगावा. ढकलगाडीच्या दुसऱ्या बाजूचा. मी छत्तीस वर्षांची, एकटी, मला दुसरीकडे कोण उभं करणार? तू मला इथे चिकटवलंस, तूच उपटू नकोस.

सोहळ्याला ये. नाहीतर घरी राहा. पण तिकडे जाऊ नकोस, पाया पडते.

कानाए


८ मार्च

मावशी,

तुझं उत्तर आलं नाही. काल सकाळपर्यंत वाटत होतं, तू दारातून येशील, काळ्या किमोनोत, बडबडत.

सोहळा छान झाला. छान म्हणजे जसा व्हायचा तसा. दारात पांढरी ऑर्किडं, औषध कंपन्यांच्या नावांच्या पाट्यांसकट. उपप्राध्यापक पुढे बसले, खूश होते. सेगावांचे चौदाच छापले, त्यांनी पान उलटून पाहिलं आणि मला लांबूनच मान झुकवली. शुभकार्याचा तांबड्या चवळीचा भात होता. नव्या सिस्टरांचा सत्कार झाला, त्यातली एक रडली, आईला घेऊन आली होती.

सर बोलायला उभे राहिले. बोलले सुंदर. माणसाला बांधून बरं करता येत नाही, असं म्हणाले, आणि पडद्यावर दोन मोठी शून्यं आली. दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग माझी पाळी. 'इनामी तोमिए, प्रकृतीच्या कारणाने अनुपस्थित,' असं म्हणून तुझं सन्मानपत्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. 'आपल्या स्नेहपूर्ण हातांनी' हे शब्द मीच जानेवारीत लिहिले होते. आवाज कुठेही कापला नाही. त्याची मला भीती वाटते. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि मावशी, मीही वाजवल्या.

तू कुठे होतीस?

कानाए


९ मार्च

कानाए,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. प्रायश्चित्त की स्वार्थ, मला अजून माहीत नाही. पण एक गोष्ट तू विसरलीस, आणि सरही विसरले. झोप आईची होती, पण अब्रू पोराची होती. तो मेलाय म्हणून त्याला वाटेल ते म्हणायचं का?

शनिवारी मी तिच्याकडे गेले. दोनच्या सुमारास पोहोचले. तुम्ही तेव्हा जेवायला बसत असाल.

तिने दार उघडलं आणि ओळखलंच. 'अगं बाई, सिस्टर!' म्हणून वाकली, इतकी वाकली की मला तिच्या डोक्यावरचे विरळ केस दिसले. एवढ्या थंडीत आलात, पाय गारठले असतील, म्हणून मला शेगडीच्या उबेला बसवलं. चहा केला. संत्री सोलून पुढे ठेवली. कोनाड्यात पोराचा फोटो, इंजिनाच्या तेलाने काळे झालेले हात, हसतोय. त्याच्यासमोर तुमची पत्रिका ठेवली होती. 'त्याला वाचून दाखवली,' असं म्हणाली. 'म्हटलं, बघ, आई बरोबर होती.'

मी तेव्हाच उठून निघून आले असते तर तिला काही कळलं नसतं. हात गुडघ्यावर ठेवले. मग सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, पट्ट्यांचं, बाह्यांचं, हसण्याचं, लिफ्टमधल्या म्हातारीचं. ती संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागे काढत राहिली.

हे सगळं मी कागदावर लिहून नेलं होतं, खाली सही-शिक्का करून. तो कागद तिच्याजवळ दिला आणि म्हटलं, याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, वर्तमानपत्रात द्या, कोर्टात द्या. त्यात सेगावाचं नाव आहे. तुझ्या नोकरीचं काय होईल मला ठाऊक नाही, कानाए. क्षमा कर म्हणणार नाही, तो शब्द मी आता कोणापुढे काढू नये. इथे एक खोली रिकामी आहे, एवढं सांगते.

तिने कागद वाचला नाही. घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, 'म्हणजे खरं बोलत होता.'

मी म्हटलं, 'हो.'

'मी त्याला म्हटलं, पुन्हा येणार नाही.'

रडेल, मारेल, हाकलून देईल, सगळ्याची तयारी करून गेले होते. तिने यातलं काहीच केलं नाही. उठली, एप्रनची नाडी ओढून काढली, माझ्यासमोर ठेवली आणि खाली बसून दोन्ही हात पुढे केले.

'कसं बांधत होतात ते दाखवा,' असं म्हणाली.

नको म्हटलं. हात जोडले. 'तुम्हाला येतं ना? मग दाखवा.' आवाज चढवला नाही. मग मी बांधले. चौतीस वर्षांची सवय, बोटं आपोआप चालतात, गाठ कुठे द्यायची ते विचारावं लागत नाही. हाडांवर पातळ कातडी, नाडी रुतली. तिने हात उचलून पाहिले, हलवून पाहिले, हलेनात.

बाहेर होड्या परतत होत्या. चहा गार झाला. अर्ध्या तासाने मी गाठ सोडायला हात पुढे केला, तर तिने हात मागे ओढले.

'राहू दे,' म्हणाली. 'त्याने पाच दिवस काढले.'

आणि तशीच गुडघ्यांवर सरकत फोटोकडे वळली.

'हं, ताके,' असं म्हणाली. 'बोल बाळा. आता आई ऐकतेय.'

तोमिए